दर फेऱ्याला एक ‘कट्’: एका रोड सायकलच्या आवाजाचा तपास

तक्रार

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका परिचितांनी आपली रोड सायकल माझ्याकडे आणली. मी दुकानदार नाही. मित्रमंडळींच्या सायकली सुटीच्या दिवशी खोलण्याचा मला छंद आहे, एवढेच. सायकल कार्बन फ्रेमची, ११ गिअरच्या शिमानो १०५ संचाची, रिम ब्रेकची होती. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चक्रे), मागे ११ ते ३० दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चक्रांचा संच), क्रँक, म्हणजे पॅडल धरणारा दांडा, १७० मिमी. चालवणाऱ्यांचे वजन ८२ किलो, आणि सायकलचे वय साडेतीन वर्षांचे.

त्यांची तक्रार नेमकी होती. कोंढव्याहून येवलेवाडी ओलांडून बोपदेव घाटाचा चढ सुरू झाला की उजवा पाय खाली दाबताना दर फेऱ्याला एकदा ‘कट्’ असा कोरडा, टणक आवाज येत असे. सपाटीवर तो जवळजवळ ऐकू येत नव्हता आणि उतारावर पॅडल थांबवले की पूर्ण बंद होत होता. आवाज कुठून येतो असे विचारल्यावर त्यांनी क्षणाचाही विचार न करता बॉटम ब्रॅकेटकडे, म्हणजे दोन क्रँकना जोडणारा आस ज्यात फिरतो त्या, फ्रेमच्या नळीत बसवलेल्या बेअरिंगच्या जोडीकडे, बोट दाखवले.

या बोट दाखवण्यातच प्रकरणाचा अर्धा गुंता होता. ‘कट्’ होण्यासाठी एकमेकांवर आवळलेले दोन पृष्ठभाग लागतात. दाब वाढत असताना ते एकमेकांना धरून राहतात आणि दाब हाताबाहेर गेला की केसभर घसरतात. ती घसरण म्हणजेच आवाज. घसरण इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही, आणि कार्बन फ्रेमच्या पोकळ नळ्या तिला तंबोऱ्याच्या भोपळ्यासारख्या मोठ्या करून भलत्याच जागी पोचवतात. मागच्या चाकाजवळचा आवाज नळीतून पुढे येऊन पायांच्या मध्यभागी ऐकू येणे, हे अगदी नेहमीचे आहे.

आधी झालेली दुरुस्ती

सायकल माझ्याकडे येण्यापूर्वी एका दुकानात जाऊन आली होती. तिथे आवाज ऐकून बॉटम ब्रॅकेट बदलून दिला गेला. निदान वरवर पाहता चुकीचे म्हणता येणार नाही, कारण या फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेट आट्यांचा नव्हता, दाबून बसवण्याचा होता. ४१ मिमी व्यासाच्या आणि ८६.५ मिमी रुंदीच्या नळीत दोन्ही बाजूंनी बेअरिंगच्या वाट्या नुसत्या दाबून बसवतात. नळी किंचित जरी अंडाकृती किंवा मोठी असली तरी वाटी आत हलते आणि करकरते. आपल्या जुन्या काळ्या सायकलींत कॉटर, म्हणजे क्रँक आसावर धरून ठेवणारी खीळ, ढिली झाली की असाच दर फेऱ्याला एक ठोका यायचा, आणि तिथे क्रँककडे बोट दाखवणारा माणूस बहुधा बरोबरच असायचा. दाबून बसवलेल्या ब्रॅकेटची बदनामी एवढी झाली आहे की फ्रेममधून कुठलाही आवाज आला तरी पहिला संशय तिथेच जातो.

दुरुस्तीनंतर सायकल दहा दिवस शांत राहिली. अकराव्या दिवशी घाटात तोच आवाज, त्याच जागी, त्याच पायाला परत आला.

हे दहा दिवस मला बराच काळ छळत राहिले. बदललेला भाग निर्दोष असेल आणि आवाज दुसरीकडचा असेल, तर मध्ये शांतता का? उलगडा शेवटी झाला, पण तो इथेच सांगून ठेवतो. ब्रॅकेट बदलताना दुकानात मागचे चाक काढले गेले, सायकल डिझेलने धुतली गेली, चेनला भरपूर तेल मारले गेले, चाक परत बसवून आवळले गेले. या सगळ्यात खऱ्या दोषी सांध्यात थोडे तेल झिरपले आणि ते सुकेपर्यंत आवाज बंद राहिला. एका वेळी पाच गोष्टी केल्या आणि आवाज गेला, तर त्या पाचांपैकी कोणती लागू पडली हे कुणालाच सांगता येत नाही.

ठेका

आवाज कुठून येतो हा प्रश्न मी तात्पुरता बाजूला ठेवला आणि तो केव्हा येतो हे आधी लिहून काढले. जागेच्या बाबतीत कान फसतात, ठेक्याच्या बाबतीत सहसा फसत नाहीत.

त्याआधी एक काम मात्र टाळता येत नाही. आवाजामागे तडा असण्याची शक्यता असते, आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा), हँडल, फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) किंवा क्रँकमधला तडा शोधत रस्त्यावर हिंडणे हा शहाणपणा नव्हे. म्हणून पहिल्या रविवारी सकाळी संपूर्ण फ्रेम ओल्या फडक्याने पुसली, नळ्यांच्या जोडांवर विजेरीचा तिरपा झोत टाकून रेषा पाहिल्या, नाण्याने हलके ठोकत गेलो. ठोक्याचा नाद कुठेही बद्द झाला नाही. मग आम्ही रस्त्यावर गेलो.

चढावर ते ३४ दात्यांची चेनरिंग आणि मागचे ३० दात्यांचे चक्र वापरत होते. या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्यात चाक १.१३ वेळा फिरते. म्हणजे चाकाचा ठेका आणि पॅडलचा ठेका जवळजवळ एकच होतो, आणि मिनिटाला ६० फेरे मारत धापा टाकणाऱ्या माणसाला त्यातला फरक कळणे अशक्य आहे. त्यामुळे ‘दर फेऱ्याला एकदा’ हे त्यांचे वर्णन प्रामाणिक असले तरी पुरेसे नव्हते. आम्ही सपाट रस्त्यावर ५० आणि १७ दात्यांचा गिअर घेतला. यात पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ तीन वेळा फिरते. दाब वाढावा म्हणून त्यांनी मागचा ब्रेक हलका धरून जोराने पॅडल मारले. आवाज आता मंद झाला होता, पण ठेका बदलला नव्हता: पॅडलच्या फेऱ्याला एक, उजवा पाय खाली जाताना. फिरत्या चाकाच्या विशिष्ट जागेचा दोष असता, उदाहरणार्थ एखादा ढिला स्पोक किंवा वाकलेली रिम, तर तीन ठोके पडले असते. चेनची एखादी कडी आखडलेली असती तर ठेका आणखी वेगळा असता. ११० कड्यांची चेन ५० दात्यांवर दर २.२ फेऱ्यांनी आणि ३४ दात्यांवर सव्वातीन फेऱ्यांनी एकदा पूर्ण फिरते. या दोन्ही शक्यता तिथेच मिटल्या.

मात्र इथे एक पाऊल घसरणे सोपे आहे, आणि माझेही घसरले. पॅडलच्या ठेक्यात येणारा आवाज पॅडलमधून किंवा क्रँकमधूनच येतो, असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात त्या ठेक्याचा अर्थ एवढाच असतो की पायाचा जोर आवाजाला कारण आहे. पायाचा जोर पॅडलपासून मागच्या आसापर्यंत आणि हँडलपासून खोगिरापर्यंत सगळीकडे पोचतो, आणि त्या वाटेवरचा कुठलाही कोरडा सांधा त्याच ठेक्यात बोलू शकतो. या चुकीच्या गृहीतकाने माझे दोन रविवार घेतले.

चप्पल घालून चाचणी

पहिल्याच दिवशी एक उपकथानक निकालात निघाले. खोगिरावर बसून खड्ड्यांतून जाताना एक वेगळी, बारीक ‘कुर्रकुर्र’ ऐकू येत होती, जी पॅडल थांबवल्यावरही राहत होती आणि उभे राहिल्यावर जात होती. ती सीटपोस्टची, म्हणजे खोगीर धरणाऱ्या दांड्याची होती. २७.२ मिमीचा कार्बन सीटपोस्ट बाहेर ओढला तेव्हा त्याच्या खालच्या टोकावर पावसाळ्याची तपकिरी मळी चढलेली होती. पोस्ट आणि नळी दोन्ही पुसली, कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावली, उंची आधीच्या खुणेवर ठेवून पकड ५ न्यूटन-मीटरला आवळली आणि खोगिराच्या पट्ट्या जिथे धरल्या जातात तिथे किंचित ग्रीस दिले. कुर्रकुर्र गेली. ‘कट्’ जसाच्या तसा राहिला. दोन आवाज एकमेकांत मिसळलेले असले की पहिला गेल्याने दुसरा उलट जास्तच टोचतो, आणि तसेच झाले. सायकलचे मालक जरा हिरमुसले.

उभे राहून पॅडल मारतानाही ‘कट्’ येत होता, म्हणजे खोगीर आणि सीटपोस्ट यांच्यावरचा संशय पूर्णपणे गेला. मग त्यांनी चढावर बसूनच, हँडलवर नुसती बोटे टेकवून, हातांनी काहीही न ओढता जोर लावला. आवाज तेवढाच होता. हँडल, स्टेम आणि हेडसेट (हँडल वळवणारी बेअरिंग) यांच्यावर हातांचा ताण पडत नसताना आवाज उणावत नाही, म्हणजे पुढची बाजूही सुटली.

उरले पॅडल, बूट, क्रँक, चेनरिंग, ब्रॅकेट आणि मागची बाजू. बूट, पॅडलमध्ये अडकणारे बुटाखालचे क्लीट आणि पॅडल ही तिन्ही एका झटक्यात बाद करण्याची एक सोपी युक्ती आहे: दुसऱ्या सायकलचे साधे, सपाट पॅडल बसवायचे आणि क्लीट नसलेले काहीतरी पायात घालायचे. त्या दिवशी जवळ दुसरे बूट नव्हते. त्यामुळे येवलेवाडीच्या पुढच्या चढावर सकाळी फिरायला निघालेल्या मंडळींना कार्बनच्या सायकलवर, हेल्मेट घालून, पायात चपला चढवलेले एक गृहस्थ पूर्ण ताकदीने पॅडल मारत जाताना दिसले. आवाज चपलेलाही आला. (पॅडल काढताना डावे पॅडल उलट्या आट्याचे असते हे विसरणारे लोक पुण्यात अजूनही आहेत, मी नाव घेत नाही, कारण त्या दिवशी पहिल्या प्रयत्नात पान्याला विरुद्ध दिशेने लटकणारा मीच होतो.)

चेनरिंगचे चारही बोल्ट काढून, पुसून, ग्रीस लावून १४ न्यूटन-मीटरला आवळले. डाव्या क्रँकचे दोन्ही बोल्टही त्याच मापाला तपासले. फरक शून्य. नवीन ब्रॅकेटच्या वाट्या नळीला सर्व बाजूंनी टेकलेल्या होत्या आणि क्रँक काढून बोटाने फिरवल्यावर बेअरिंग रेशमासारखी फिरत होती. वाट्या पुन्हा बाहेर ठोकून, नळी स्वच्छ करून त्या चिकटद्रव्यात बसवण्याचा मोह मला झाला, कारण दाबून बसवलेला ब्रॅकेट खरोखर करकरत असेल तर तोच योग्य इलाज असतो. पण दहा दिवसांची ती शांतता आणि नंतरचा तंतोतंत तसाच आवाज यांचा मेळ माझ्या मनात बसत नव्हता, म्हणून हात आवरला.

दुसऱ्या रविवारी एक वेगळी गोष्ट लक्षात आली. एकाच चढावर, शक्य तितक्या सारख्या जोराने, त्यांनी आधी ३४ दात्यांवर आणि मग ५० दात्यांवर पॅडल मारले. लहान चेनरिंगवर आवाज स्पष्टपणे मोठा होता. पॅडलवर पाय तेवढ्याच जोराने दाबला जात असेल तर पॅडल किंवा क्रँकच्या बोल्टला चेनरिंग कोणती आहे याने काय फरक पडतो? काहीच नाही. फरक पडतो तो चेनच्या ताणात. ३४ दात्यांच्या चेनरिंगची त्रिज्या सुमारे ६९ मिमी आणि ५० दात्यांची १०१ मिमी असते. १७० मिमीच्या क्रँकवर पायाने ४० किलोचा जोर दिला, तर लहान चेनरिंगवर चेन जवळजवळ १०० किलोने ताणली जाते आणि मोठीवर ६७ किलोने. आवाज पायाबरोबर नव्हे, चेनच्या ताणाबरोबर वाढत होता. हा ताण एका टोकाला ब्रॅकेटवर पडतो, हे खरे; पण दुसऱ्या टोकाला तो मागच्या आसाचे उजवे टोक पुढे खेचतो, आणि तिकडे तोवर मी पाहिलेच नव्हते.

मागचे उजवे टोक

त्याच संध्याकाळी माझ्या सायकलचे मागचे चाक त्यांच्या फ्रेममध्ये घातले. आवाज दर फेऱ्याचा न राहता फक्त अगदी जोराच्या दाबाला, तोही दबका येऊ लागला. चाक दोषी, असे म्हणून मी जवळजवळ मोकळा झालो होतो. सुदैवाने चाकासोबत माझी क्विक रिलीजची दांडीही (आसाच्या पोकळीतून जाऊन चाक फ्रेमला आवळणारी) त्या फ्रेममध्ये गेली होती हे ध्यानात आले, म्हणजे मीसुद्धा त्या दुकानासारख्याच दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. म्हणून अदलाबदल केली. त्यांचे चाक आणि माझी दांडी: आवाज दबका. माझे चाक आणि त्यांची दांडी: आवाज पूर्ण, पहिल्यासारखा. चाक निर्दोष सुटले.

त्यांची दांडी हातात घेऊन पाहिली तर तिची दोन्ही टोके गुळगुळीत, गोलसर होती. चांगल्या दांडीच्या आतल्या बाजूला बारीक दाते असतात, जे फ्रेमच्या धातूत रुततात आणि चाकाचा आस जागचा हलू देत नाहीत. इथे दात्यांचा पत्ता नव्हता. ही कुठली, असे विचारल्यावर ते म्हणाले, “अहो, ती ट्रेनरबरोबर आलेली. पावसात तीन महिने घरातच चालवली ना मी.” ही माहिती मला दुसऱ्या रविवारी मिळाली आणि पहिल्या रविवारी मी विचारली नव्हती, हा दोष माझा.

घरातल्या त्या प्रकारच्या ट्रेनरमध्ये सायकलचे मागचे चाक रोलरवर टेकते आणि संपूर्ण सायकल दांडीच्या दोन टोकांना चिमट्यात धरली जाते. म्हणूनच त्यासोबत गोल टोकांची पोलादी दांडी देतात. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याखाली डावी-उजवी झुलते. ट्रेनरवर तिला झुलता येत नाही, आणि उभे राहून जोर लावला की ती सगळी पिळवणूक चाकाचा आस बसतो त्या फ्रेमच्या मागच्या दोन खाचांवर येते. पावसाळा संपल्यावर सायकल ट्रेनरवरून उतरली, दांडी मात्र चाकातच राहिली.

दबका राहिलेला आवाज अजून शोधायचा होता. या वेळी जे मी सर्वांत आधी करायला हवे होते ते केले. ते खोगिरावर बसले, भिंतीला एक हात टेकला, मागचा ब्रेक घट्ट धरला आणि उजवे पॅडल पुढे आडवे ठेवून त्यावर हळूहळू भार देऊ लागले. चाक फिरत नाही, पण चेन घाटातल्याइतकीच ताणली जाते. मी खाली बसून फ्रेमवर एकेका ठिकाणी बोटांची टोके ठेवत गेलो. ब्रॅकेटवर कानाला आवाज मोठा येत होता, पण बोटांना काहीच लागत नव्हते. चेनजवळच्या नळीवरून बोटे मागे सरकवत नेली तसतशी एक टिचकी जाणवू लागली, आणि मागचा गिअर ज्याला लटकतो त्या हँगरवर ती इतकी स्पष्ट लागली की आतून कुणी नखाने टकटक करावी.

हँगर म्हणजे ॲल्युमिनिअमचा हाताच्या अंगठ्याएवढा तुकडा. सायकल उजव्या अंगावर पडली तर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून तो सुटा ठेवलेला असतो. या फ्रेममध्ये तो बाहेरच्या बाजूने खाचेवर बसतो आणि दोन छोट्या स्क्रूंनी धरलेला असतो. खरी पकड मात्र दांडीच्या नटाने त्यावर दिलेल्या दाबाची असते. स्क्रूंना ॲलन की लावली तर दोन्ही पाव-पाव फेरा ढिले होते. हँगर काढल्यावर त्याच्या पाठीवर करड्या-पांढऱ्या भुकटीचा पातळ थर दिसला आणि मधोमध नखाएवढा एक भाग घासून आरशासारखा चकचकीत झालेला होता. ओलाव्यात कार्बनला टेकलेले ॲल्युमिनिअम गंजते, आणि तो गंज असाच पांढरट असतो. चकचकीत डाग म्हणजे दोन पृष्ठभाग हजारो वेळा जिथे घसरले ती जागा.

हँगर आणि खाच स्पिरिटने पुसली, ब्रशने भुकटी काढली. पाठीवर बोटाने पसरले जाईल एवढेच ग्रीस दिले, स्क्रूंच्या आट्यांना निळे थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारे चिकटद्रव्य) लावून ते बेताने आवळले, दातेरी टोकांची जुनी दांडी घातली. हँगर काढून बसवला की गिअर किंचित सरकलेला असू शकतो, म्हणून तो सरळ आहे ना हे मोजपट्टीने पाहून केबलचा ताणही पुन्हा जुळवला. मग घाट. वरपर्यंत टायरच्या सरसरीशिवाय काही ऐकू आले नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर पुन्हा तीच दहा दिवसांची गोष्ट झाली असती. म्हणून पुढच्या शनिवारी उलटी चाचणी घेतली. बाकी सर्व तसेच ठेवून हँगरमागचे ग्रीस स्पिरिटने संपूर्ण पुसून तो कोरडा बसवला, स्क्रू मात्र घट्टच ठेवले. चौथ्या किलोमीटरला, चढ तीव्र झाल्यावर, एक अस्पष्ट ‘कट्’ आला आणि वर जाईपर्यंत अधूनमधून येत राहिला. खाली येऊन पुन्हा ग्रीस लावले, आवाज गेला. यानंतर मला शंका उरली नाही: गुळगुळीत दांडीमुळे पकड कमी पडली, ट्रेनरवरच्या पिळवणुकीने स्क्रू ढिले झाले, कोरड्या आणि गंजलेल्या सांध्याने आवाज केला. यांतले पहिले कारण दूर केल्यावर आवाज दबला आणि तिसरे दूर केल्यावरच संपला. आवाज उजव्याच पायाला का येत होता याचे माझे उत्तर अंदाजाचे आहे: चेनचा ताण आणि उजव्या पायाने फ्रेमला दिलेला पीळ एकाच टोकावर एकाच वेळी येत असावेत, आणि डाव्या पायाच्या वेळी पीळ उलट दिशेचा होत असावा.

दुकानात बसवलेला नवीन ब्रॅकेट तसाच ठेवला आहे. तो वाईट नव्हताच, फक्त निष्कारण होता. सायकल त्यानंतर मार्चपर्यंत घाटात आणि सासवडच्या रस्त्यावर नियमित चालली आणि तिचा आवाज आला नाही. फेब्रुवारीत एकदा त्यांचा घाईघाईने फोन आला होता, पण ती बाटलीच्या स्टँडचा स्क्रू ढिला झाल्याची टकटक निघाली. गोल टोकांची ती दांडी आता सुतळीने ट्रेनरलाच बांधून ठेवलेली आहे.